उघडं पाणी, बंद पाणी

रेडिएटर हे नावच मुळात चुकीचं आहे. उष्णता तीन वाटांनी प्रवास करते असं शाळेत शिकवतात: वहन, अभिसरण आणि प्रारण. रेडिएट करणं म्हणजे प्रारण. मोटारीच्या तोंडाशी बसवलेली जाळी प्रारणाने फारच थोडी उष्णता टाकते. तिचं जवळजवळ सगळं काम तिच्यातून आरपार जाणाऱ्या वाऱ्यावर, म्हणजे अभिसरणावर चालतं. पण नाव एकदा चिकटलं की चिकटलं. आपल्याकडे तर एवढाही भेद कुणी केला नाही. "गाडी तापली" म्हटलं की त्यात इंजिन, पाणी, पंखा, पट्टा आणि ड्रायव्हरचं डोकं असं सगळंच आलं.

गाडी तापते ती काही बिघाड म्हणून नव्हे. तापणं हा तिचा धर्मच आहे. पेट्रोल जाळून मिळालेल्या उष्णतेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांश कामाला लागते, साधारण तितकीच सायलेन्सरमधून धुराबरोबर निघून जाते, आणि उरलेली इंजिनच्या धातूत शिरते. ही तिसरी वाटणी वेळच्या वेळी बाहेर काढली नाही, तर तेल जळतं, पिस्टन फुगून सिलिंडरला धरतो आणि इंजिन जाम होतं. म्हणजे मोटार चालवण्याचा अर्धा प्रश्न आग लावण्याचा आणि अर्धा ती आटोक्यात ठेवण्याचा. पहिल्या अर्ध्याबद्दल पुस्तकंच्या पुस्तकं लिहिली गेली. दुसऱ्या अर्ध्याचा इतिहास मला जास्त घरगुती वाटतो, कारण तो पाण्याचा आहे. उघडं पाणी हळूहळू कसं बंद होत गेलं आणि त्याबरोबर त्यात हात घालणारी माणसं कशी बदलत गेली, याचा तो इतिहास आहे.

कार्ल बेंझने २९ जानेवारी १८८६ रोजी ज्या तीनचाकीच्या पेटंटसाठी अर्ज केला, तिला आजच्या अर्थाने रेडिएटर नव्हताच. सिलिंडरभोवती पाणी होतं, ते उकळायचं आणि वाफ होऊन उडून जायचं. झालं थंड. यात अडाणीपणा काही नाही. एक ग्रॅम पाणी एका अंशाने तापवायला एक कॅलरी लागते. पण उकळत्या पाण्याची वाफ करायला प्रत्येक ग्रॅममागे सुमारे ५४० कॅलरी खर्च होतात. आपला माठ याच हिशोबावर चालतो. अडचण एवढीच, की गाडी पेट्रोलपेक्षा पाणी जास्त पिते. ऑगस्ट १८८८मध्ये बेर्टा बेंझ दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमला, सुमारे शंभर किलोमीटर दूर, माहेरी निघाली. नवऱ्याला न सांगता काढलेली ही गाडी आता प्रसिद्ध आहे; वाटेत औषधाच्या दुकानातून तिने इंधन विकत घेतलं हेही बहुतेकांनी वाचलेलं असतं. पण इंधन तिने मोजक्याच ठिकाणी घेतलं. पाणी मात्र जिथे मिळेल तिथे घ्यावं लागलं: विहिरीवर, ओढ्यावर, खानावळीत. जगातला पहिला लांबचा मोटारप्रवास हा एका अर्थी पाणवठ्यांचा प्रवास होता.

उघड्या पाण्याची ही रीत आपल्याकडे मोटारीत नाही, पण शेतात कितीतरी वर्षं टिकली. किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना १९४६ साली खडकीत झाली आणि पुढच्या काही दशकांत विहिरीच्या काठावरचं डिझेल इंजिन हा महाराष्ट्रातल्या बागायती गावांचा आवाजच झाला. अशा बऱ्याच इंजिनांना थंड करायला रेडिएटर नसे. पंपाने उपसलेल्या पाण्यातलीच एक बारीक धार सिलिंडरच्या पोटातून फिरवून बाहेर सोडलेली असे. थंड पाणी एका बाजूने आत, कोमट पाणी दुसऱ्या बाजूने बाहेर, तिथून पाटात. थंडीच्या दिवसांत त्या कोमट धारेखाली अंघोळ करण्यासाठी पोरांची भांडणं लागत. इंजिन थंड करणारं आणि ऊस भिजवणारं पाणी एकच. यापेक्षा सरळ व्यवस्था मला माहीत नाही. पण तिच्यासाठी इंजिनाशेजारी विहीर लागते, आणि मोटारीला ती बरोबर नेता येत नाही.

म्हणून तेच पाणी पुन्हापुन्हा वापरायचं, तर ते वाटेत थंड करणं आलं. हे कोडं नीट सोडवलं विल्हेल्म मायबाखने. डिसेंबर १९००मध्ये तयार झालेल्या आणि मार्च १९०१मध्ये नीसच्या शर्यतींत सगळ्यांना मागे टाकणाऱ्या ३५ अश्वशक्तीच्या मर्सिडीजमध्ये त्याने मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर बसवला. सहा मिलिमीटर रुंदीच्या चौकोनी नळ्या, एकूण ८०७०, एकमेकींना डाख देऊन जोडलेल्या. गंमत अशी की या नळ्यांतून पाणी जात नव्हतं, वारा जात होता. पाणी नळ्यांच्या मधल्या फटींतून झिरपायचं. गाडीला लागणारं पाणी त्यामुळे जवळजवळ निम्म्यावर, नऊ लिटरवर आलं. रेडिएटरमागे एक छोटा पंखाही होता, गाडी हळू असताना वारा ओढायला. आज कुठल्याही गाडीचं बॉनेट उघडा, मांडणी हीच आहे. पुढे जाळी, तिच्यामागे पंखा, वर एक रबरी पाइप, खाली एक, आणि पाणी फिरवायला पंप.

त्या आठ हजार नळ्या हाताने डाखायला किती वेळ लागला असेल याचा विचार केला, की ती गाडी कुणासाठी होती हे वेगळं सांगावं लागत नाही. सर्वसामान्यांची गाडी काढणाऱ्या हेन्री फोर्डने म्हणूनच दुसरी वाट धरली. १९०८च्या मॉडेल टीच्या अगदी पहिल्या काही गाड्यांना पाण्याचा पंप होता. तो लगेच काढून टाकला. गरम पाणी हलकं होऊन आपोआप वर चढतं आणि थंड झालेलं खाली उतरतं, एवढ्या भरवशावर लाखो गाड्या चालल्या. चुलीवरच्या पातेल्यात हेच चालतं. पंप नाही म्हणजे पंपाची दुरुस्ती नाही. पण पाण्याची पातळी वरच्या पाइपच्या खाली गेली, की चक्र तुटलं आणि गाडी उकळली.

या सगळ्या गाड्यांमध्ये पाणी हवेला उघडंच होतं. वर एक टोपण, तेही नुसतं पाणी हिंदकळू नये म्हणून. ते टोपण गाडीच्या नाकावर, सगळ्यांना दिसेल असं असल्याने त्यावर दागिने बसवायची पद्धत पडली. रोल्स रॉइसची पंख पसरलेली बाई १९११ सालची, ती रेडिएटरच्या टोपणावरच उभी राहिली. सामान्य गाड्यांच्या टोपणावर थर्मामीटर बसवलेला असे; ड्रायव्हरने काचेतून त्याकडे बघत गाडी चालवायची. पुढे टोपण बॉनेटखाली गेलं आणि दागिना बॉनेटवर राहिला. बाई कशावर उभी आहे हे आता तिलाही आठवत नसेल.

पाणी खऱ्या अर्थाने बंद झालं ते या टोपणाला स्प्रिंग बसली तेव्हा. ही कल्पना मराठी घरात समजावून सांगावी लागत नाही. तो प्रेशर कुकर आहे. एक बारच्या आसपास जास्तीचा दाब धरून ठेवला, की पाणी १०० ऐवजी सुमारे १२० अंशांना उकळतं. दाब त्याहून वाढला, की स्प्रिंग उचलते आणि जास्तीचं पाणी शेजारच्या बाटलीत जातं. कुकरला नसलेली एक सोय या टोपणात असते: उलट्या दिशेने उघडणारी दुसरी छोटी झडप. इंजिन थंड होताना आत पोकळी तयार होते आणि बाटलीतलं पाणी त्या झडपेतून परत ओढलं जातं. म्हणजे पाणी तापतं, फुगतं, बाहेर जातं, निवतं, आत येतं, आणि बाहेरच्या माणसाने काहीच करायचं नसतं. तापलेला रेडिएटर उघडू नये ही ताकीदही याच दिवसाची. तोवर उकळतं पाणी फक्त उकळतं होतं. आता ते दाबलेलं होतं. टोपण फिरवताक्षणी दाब जातो आणि ११० अंशांचं पाणी एकदम वाफ होऊन तोंडावर येतं.

आपल्याकडच्या रस्त्यांवर मात्र ही बंद व्यवस्था बराच काळ नावापुरतीच होती. अँबॅसेडर ही इंग्लंडच्या हवेसाठी बनलेल्या मॉरिस ऑक्सफर्डची हिंदुस्थानी आवृत्ती. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली फियाट, म्हणजे पुढची पद्मिनी, इटलीहून आलेली. या गाड्यांत पंखा इंजिनच्याच पट्ट्यावर फिरे. त्यातली खोच घाटात कळायची. चढणीवर पहिला-दुसरा गिअर, इंजिनवर पूर्ण भार, गाडीचा वेग सायकलएवढा, म्हणजे समोरून वारा नाही. त्यात मागचा ट्रक थांबला की आपणही थांबलो; इंजिन मंद, म्हणून पंखाही मंद, पंपही मंद. नेमकी जेव्हा गरज जास्त तेव्हाच थंडावा कमी. खोपोलीपासून खंडाळ्यापर्यंत जेमतेम पाचशे मीटरची चढण, पण एक्स्प्रेसवे होण्याआधी बोरघाटात मे महिन्यात बॉनेट उघडून उभ्या राहिलेल्या गाड्यांची रांग ही प्रवासातली एक ठरलेली जागा होती, शिंग्रोबाच्या देवळासारखी. तिथे चाकरमानी आणि शेठ सारखेच हताश दिसत. डिकीत पाण्याचा डबा ठेवल्याशिवाय कुणी घाट चढत नसे. ओलं फडकं टोपणावर टाकायचं, एक चतुर्थांश फेरा द्यायचा, फुस्स झालं की थांबायचं, मग उरलेला. इंजिन चालू ठेवूनच पाणी ओतायचं, हळूहळू, नाहीतर तापलेल्या धातूला तडा जातो. एसटीच्या थांब्यांवर ड्रायव्हर प्रवाशांच्या आधी गाडीला पाणी पाजत. "पाजणे" हे क्रियापद उगीच आलेलं नाही.

गळती लागली तर हळद. मूठभर हळद रेडिएटरमध्ये टाकायची. हा निव्वळ तोडगा नव्हे. त्यात तथ्य आहे. हळदीची पूड पाण्यात विरघळत नाही, तिचे कण फुगतात आणि गळतीच्या बारीक छिद्राकडे ओढले जाऊन तिथे बुच बसतं. युरोप-अमेरिकेत यासाठीच मिरपूड आणि अंड्याचा पांढरा बलक वापरत. ज्याच्या त्याच्या स्वयंपाकघरात जे मिळेल ते. अर्थात जे छिद्राला बुजवतं ते अरुंद नळ्यांनाही बुजवतं, म्हणून मुक्कामी पोचल्यावर रेडिएटर उतरवून कारागिराकडे न्यावाच लागे.

या कारागिरापाशी मला जरा थांबायचं आहे, कारण मोटारीच्या इतिहासात त्याचं नाव कुठेच येत नाही. रेडिएटर पितळी आणि तांब्याचा असे. पाण्याच्या नळ्या आणि वरखालच्या टाक्या पितळेच्या, मधली नागमोडी पत्र्याची जाळी तांब्याची, आणि सगळं डाखाने जोडलेलं. रेडिएटरवाला काय करी? पाइपची तोंडं बंद करून एका तोंडातून हवा भरी आणि अख्खा रेडिएटर पाण्याच्या हौदात बुडवी. बुडबुडे जिथून येतील तिथे छिद्र. सायकलची ट्यूब पंक्चर काढताना करतात तेच, मोठ्या प्रमाणात. आत क्षार साचले असतील, आणि आपल्या विहिरी-बोअरच्या जड पाण्याने ते साचतच, तर वरची टाकी बत्तीने तापवून डाख वितळवी, टाकी उचलून बाजूला ठेवी आणि एकेका चपट्या नळीतून पातळ पट्टी घालून गाळ ढकली. मग तेजाब, नवसागर, डाख, टाकी पुन्हा जागेवर.

कथील, नवसागर आणि विस्तव. ही तिन्ही नावं एकत्र ऐकली की ज्यांचं बालपण स्टीलच्या आधीचं आहे त्यांना कल्हईवाला आठवेल. तांब्यापितळेच्या भांड्याला आतून कथलाचा मुलामा देणारा तो आणि तांब्यापितळेच्या रेडिएटरला डाख देणारा हा, दोघांचं शास्त्र एकच होतं: धातूवरचा काळेपणा नवसागराने किंवा तेजाबाने खाऊन टाकायचा आणि स्वच्छ झालेल्या क्षणीच वितळलेलं कथील त्यावर पसरवायचं. एकाचा धंदा स्टेनलेस स्टीलने संपवला, दुसऱ्याचा अॅल्युमिनिअमने. फरक एक आहे आणि तो महत्त्वाचा आहे. कल्हईला कथील लागतं, कारण त्यात आमटी शिजायची असते. रेडिएटरच्या डाखात मात्र शिशाचं प्रमाण मोठं असे, कथलापेक्षा स्वस्त म्हणून. बत्तीखाली ते वितळे, जुना डाख घासून काढताना त्याची धूळ उडे, आणि पत्र्याच्या टपरीत, त्याच हातांनी चहा पीत, तो माणूस वर्षानुवर्षं बसलेला असे. व्यवसायजन्य रोगांच्या पुस्तकांत रेडिएटर दुरुस्तीचा उल्लेख शिशाच्या विषबाधेचा धंदा म्हणून वेगळा येतो. रक्तक्षय, पोटात कळा, हात लुळे पडणं, आणि कपड्यांवरून घरी गेलेल्या धुळीने मुलांच्या मेंदूवर होणारा परिणाम. "पूर्वी वस्तू दुरुस्त होत, आता फेकतात" असा सूर लावायचा मोह मलाही होतो. पण माझ्या वस्तूची दुरुस्ती कुणाच्या रक्तातून होत होती हे कळल्यावर तो सूर पूर्वीसारखा लागत नाही.

आता त्या रंगीत द्रवाबद्दल. थंड देशांत पाण्याचा बर्फ होऊन इंजिन फुटे, म्हणून पाण्यात आधी अल्कोहोल आणि ग्लिसरीन घालत. अल्कोहोल उडून जाई. १९२७मध्ये अमेरिकेत प्रेस्टोन या नावाने इथिलीन ग्लायकॉल बाजारात आलं. ते गोठणबिंदू खाली नेतं, उत्कलनबिंदू वर नेतं आणि उडूनही जात नाही. तिकडे त्याचं नाव सरळ होतं: गोठणरोधक. महाराष्ट्रात इंजिनमधल्या पाण्याचा बर्फ होण्याची भीती कुणाला? म्हणून इथे तोच द्रव "कूलंट" म्हणून विकला गेला. पण शुद्ध ग्लायकॉल उष्णता वाहून नेण्यात पाण्यापेक्षा चक्क कमी प्रतीचं आहे. त्या बाटलीत थंड करणारं सगळ्यात चांगलं द्रव्य कुठलं असेल, तर त्यात मिसळलेलं पाणी. आपल्या हवेत त्या बाटलीचा खरा उपयोग दोन गोष्टींसाठी: उकळणं लांबवायला, आणि त्याहून जास्त, गंज रोखायला. त्यातली गंजरोधक द्रव्यं हळूहळू खर्च होतात, म्हणून तो बदलायचा असतो; रंग हिरवा आहे की गुलाबी यावरून काहीही सिद्ध होत नाही, रंग कंपन्या आपापल्या मर्जीने घालतात.

ग्लायकॉल चवीला गोड असतं आणि विषारी असतं. या घराण्याची ओळख मुंबईला एकदा फार भयानक रीतीने झाली. १९८६च्या सुरुवातीला जे. जे. रुग्णालयात १४ रुग्ण दगावले. त्यांना औषध म्हणून दिलेल्या ग्लिसरीनमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल होतं. ते मोटारीतल्या ग्लायकॉलचं जवळचं भावंड, कारखान्यात वापरायचं रसायन. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने त्या खरेदीच्या साखळीची जी चिरफाड केली, तिच्यामुळे राज्याचं राजकारण हादरलं. रेडिएटरशी त्या प्रकरणाचा थेट संबंध नाही. पण कूलंटचा कॅन हातात घेतला की मला ते आठवतं. बेर्टा बेंझने गाडीत ओतलेलं पाणी ती पिऊही शकत होती. ओढ्याच्या पाण्याकडून आपण इथवर आलो.

१४ डिसेंबर १९८३ रोजी मारुती ८०० रस्त्यावर आली आणि बोरघाटातली रांग आटत गेली. इंजिन आडवं, पुढची चाकं ओढणारी, आणि पंखा पट्ट्यावर नाही, विजेवर. पाणी ठरावीक तापमानाला पोचलं की तो सुरू होतो, मग गाडी चढणीवर असो की सिग्नलला. पद्मिनीच्या काळातली ती विसंगती एका छोट्या मोटरने आणि स्विचने संपवली. रेडिएटरही बदलले. १९७०च्या दशकात युरोपात अॅल्युमिनिअमची जाळी आणि प्लॅस्टिकच्या टाक्या अशी जोडी रूढ होऊ लागली होती. ती पुढे सगळीकडे पसरली. हलकी, स्वस्त, शिसं नाही. पण अॅल्युमिनिअमवर हवेत क्षणात ऑक्साइडचा चिवट थर येतो. कारखान्यात तो खास फ्लक्सने मोडून, नायट्रोजन भरलेल्या भट्टीत सुमारे ६०० अंशांना सगळे सांधे एकदम जुळवतात. धातू स्वतः ६६० अंशांना वितळतो, म्हणजे चुकायला जागाच नाही. हे टपरीत बत्तीने होण्यासारखं काम नव्हे. प्लॅस्टिकची टाकी तर जाळीच्या कडा दुमडून, मध्ये रबरी पट्टी दाबून बसवलेली. तिला डाख कुठे देणार?

माझ्या जुन्या ८००च्या रेडिएटरची वरची टाकी तडकली आणि मी तो घेऊन नाना पेठेत गेलो, तेव्हा एका वयस्कर कारागिराने बोटाने टाकीवर टकटक केलं आणि हेच विचारलं. "साहेब, आवाज ऐका. हे काय भांडं आहे?" नवा घ्या, म्हणाला, आणि वरून, "बसवायला आम्ही कशाला पाहिजे? तुम्हीच बसवा."

बसवला. सोसायटीच्या पार्किंगमध्ये, एका रविवारी सकाळी, इंजिन रात्रभर थंड झालेलं असताना. जुन्या रेडिएटरची दुरुस्ती करायला आयुष्यभराचं कसब लागे. नवा बदलायला १० आणि १२चा पाना, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर आणि एक पसरट घमेलं पुरतं. सगळ्यात आधी पंख्याची वायर काढायची, कारण तो स्वतःच्या मर्जीने सुरू होणारा प्राणी आहे. खालून पाणी घमेल्यात सोडायचं. चारेक लिटर निघालं, चहाच्या रंगाचं. मग पाइप. वर्षानुवर्षं बसलेलं रबर नळीला असं धरतं की पिळून काढायला गेलं तर रेडिएटरची नाही पण इंजिनकडची नळी दुखावते. पाइप तसाही टाकायचाच असतो, म्हणून सुरीने लांबीत उभी चीर द्यावी आणि सालासारखा सोलून काढावा. सोललेला पाइप उजेडात धरला तेव्हा बाहेरून तुकतुकीत दिसणाऱ्या रबराला आतून बारीक उभ्या चिरा गेलेल्या होत्या. कूलंट, इंजिनचा धातू आणि रबरातला कार्बन मिळून एक मंद विद्युतघटच तयार होतो आणि रबर आतून खाल्लं जातं. म्हणून पाइप बाहेरून बघून चांगला ठरवू नये. टोकांजवळ दाबून बघावा.

जुन्या गाड्यांत यातले बरेच पाइप सरळ असत, दुकानात फुटावर कापून मिळत. खालच्या पाइपच्या आत कधीकधी तारेची स्प्रिंग असे, पंपाच्या ओढीने तो चपटा होऊ नये म्हणून. आताचे पाइप प्रत्येक गाडीसाठी वेगळ्या वळणाचे ओतलेले असतात, एकाचा दुसऱ्याला चालत नाही. टिकून राहिली आहे ती क्लिप. स्क्रू फिरवला की आवळत जाणारी ती दातेरी पट्टी, जिला दुकानात अजून जुबिली क्लिप म्हणतात, ती लमली रॉबिन्सन नावाच्या ब्रिटिश आरमारी अधिकाऱ्याची कल्पना; पेटंट १९२१चं. शंभर वर्षांत तिच्यात सुधारणा करावी असं फारसं कुणाला वाटलेलं नाही. मोटारीतल्या किती वस्तूंबद्दल असं म्हणता येईल?

नवा रेडिएटर दोन बोल्टांवर बसला. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं, हीटरची कळ पूर्ण गरमवर, म्हणजे त्या फाट्यातली हवाही निघते. टोपण उघडं ठेवून इंजिन चालू केलं. आता सगळ्यात सुंदर भाग. वरच्या पाइपवर हात ठेवून उभं राहायचं. पाच मिनिटं, सात मिनिटं, पाइप गारच. इंजिन आत तापतंय, पण दाराशी थर्मोस्टॅट नावाचा पहारेकरी बसलाय: एका डबीत मेण, ते वितळून फुगलं की दार उघडणार. ही मेणाची युक्ती १९३०च्या दशकातली आणि तिच्यात वीज नाही, संगणक नाही. ऐंशीच्या वर कुठेतरी मेण फुगतं, आणि हाताखालचा पाइप एकदम, खरंच एकदम, चटका बसेल इतका तापतो. पाणी खळाळून फिरू लागतं, बुडबुडे येतात, पातळी खाली जाते, आपण भर घालतो. मग पंखा सुरू होतो, थोड्या वेळाने बंद होतो. टोपण लावायचं.

वॉचमन शेजारी उभा राहून सगळं बघत होता. त्याचं गाव फलटणकडचं. "आमच्या इंजिनाला असलं काही नव्हतं," एवढंच म्हणाला.

घमेल्यातलं ते चहाच्या रंगाचं पाणी गटारात सोडणं शक्य नव्हतं. सोसायटीत कुत्री आहेत, मांजरं आहेत, आणि गोड पाणी कुणीही चाटतं. चारचौघांसारख्या माणसाने चार लिटर वापरलेलं ग्लायकॉल कुठे नेऊन द्यावं याची सोय आपल्या शहरांत सहज सापडत नाही. पाच लिटरच्या कॅनमध्ये भरून, वर मोठ्या अक्षरांत "विष" लिहून तो बाल्कनीत वरच्या फळीवर ठेवला आहे. पुढच्या पिढीच्या गाड्यांतही हे पाणी असणारच; नेक्सॉनसारख्या विजेवरच्या गाडीची बॅटरीदेखील कूलंटनेच थंड होते. तिथे मात्र हात घालायचा नाही, असं त्या पाण्याशेजारून जाणाऱ्या नारिंगी वायरी सांगतात, आणि त्यांचं ऐकावं हे बरं.

जुना रेडिएटर भंगारवाल्याने घेतला. तांब्यापितळेचा असता तर किलोला कितीतरी पट भाव मिळाला असता, हे त्याने न विचारता सांगितलं. मग रस्त्याच्या कडेला बसून, हातोडीचे चार घाव घालून, प्लॅस्टिकच्या दोन्ही टाक्या तोडून बाजूला टाकल्या आणि फक्त अॅल्युमिनिअमची जाळी तराजूत ठेवली.